कानशिलावरची तपासणी आणि सिकलसेलचे मूल

दिवाळी आटोपली की नंदुरबार, धुळे, नाशिक आणि डांग या भागांतील कितीतरी कुटुंबे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन सुरत जिल्ह्यात ऊसतोडीला उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत पडाव सोडता येत नाही. सुरतेहून उत्तरेकडे निघालेली गाडी उत्राण, कोसाड, गोठाणगाम अशी स्टेशने मागे टाकीत सायणला पोचते. तेथे सहकारी साखर कारखाना आहे आणि काकरापारच्या कालव्यावर पिकणारा ऊस त्याच्या आसपास उभा असतो. कोसाड आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेले आहे. तेथील वसाहतींतून मराठी बोलणारी कुटुंबेही राहतात. शेतावर आलेली असोत की शहरात स्थिरावलेली असोत, या कुटुंबांपैकी कित्येकांचे मूळ सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात आहे. त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे.

या आजाराने हातपाय दुखतात, मूल पिवळे पडते, हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. परंतु खेळते-हिंडते मूल एका सकाळी उठते आणि त्याचा एक हात लुळा पडलेला असतो, तोंड वाकडे झालेले असते, बोलणे अडखळते, हेही याच आजाराने होते, हे थोड्यांनाच माहीत असते. आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. म्हातारपणी होणारी गोष्ट सहा-सात वर्षांच्या लेकराला कशी झाली, म्हणून घरचे भांबावून जातात. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी भगताकडे नेतो.

हा धोका काही महिने, कधी काही वर्षे आधी ओळखता येतो. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही की चिरफाड करावी लागत नाही. मुलाच्या कानशिलावर एक लहानसे यंत्र धरून मेंदूतील रक्त किती वेगाने धावते आहे, ते मोजतात. ही तपासणी काय आहे, ती कोणासाठी आहे आणि केव्हा करून घ्यावी, हे या लेखात समजावून सांगावयाचे आहे.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि चपट्या असतात. एका पेशीची रुंदी मिलिमीटरच्या सात-आठ हजारांश भागाएवढी असते. अंगातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या याहूनही अरुंद असतात. पण निरोगी पेशी मऊ असल्यामुळे घडी होऊन त्यातून सहज पलीकडे जाते. पेशीत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो आणि तोच श्वासातील प्राणवायू अंगभर वाहून नेतो.

सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनची घडण थोडी निराळी असते. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याच्या कणांच्या लांब ताठ दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशी पेशी ताठ आणि चिकट असते. ती बारीक वाहिनीत अडकते, मागून येणाऱ्या पेशी तिच्यावर साचतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग त्या भागात भयंकर वेदना होतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी साधारण १० ते २० दिवसांत मोडते. त्यामुळे अंगात रक्त कायम कमी राहते आणि डोळे पिवळसर दिसतात.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील रुग्णांची नोंद केली. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या रक्तदान केंद्राने डॉ. यझदी इटालिया यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव तपासणीचे मोठे काम उभे केले. २००६ साली गुजरात सरकारने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. २०२४ साली डॉ. इटालिया यांना पद्मश्री देण्यात आली. भिल्ल, पावरा, मावची, गामित, चौधरी, धोडिया, कोकणा अशा अनेक जमातींत हा दोष आढळतो. त्यात त्यांचा कोणाचाही अपराध नाही. ज्या मुलखात हिवतापाची साथ पिढ्यान् पिढ्या होती, तेथे हा दोष अर्ध्या प्रमाणात असलेली लेकरे हिवतापातून अधिक संख्येने वाचली आणि म्हणून तो टिकून राहिला.

आईकडून एक, बापाकडून एक

प्रत्येक मुलाला हिमोग्लोबिनची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर तो माणूस वाहक होय. वाहक हा आजारी नसतो. तो शेतात राबतो, ऊस तोडतो, म्हातारा होतो. दोन्ही प्रती सदोष असतील तरच मूल रुग्ण होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, चारांत दोन वाहकाची आणि चारांत एक पूर्ण निर्दोष मुलाची असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील, असा हिशेब कोणी मांडू नये. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते.

आनुवंशिकतेचा हा हिशेब प्रथम ज्यांनी मांडला ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. फादर ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, त्यांची उंची, फुलांचा रंग आणि दाण्यांचा आकार मोजून ठेवला आणि १८६५ साली आपले निष्कर्ष वाचून दाखविले. त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. आज सिकलसेलची तपासणी करणारा प्रत्येक डॉक्टर मेंडेलचाच नियम वापरतो. मठाने मेंडेल यांना १८५१ ते १८५३ या काळात शिक्षणासाठी व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले होते. तेथे त्यांना पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या प्राध्यापकांत क्रिस्तियान डॉप्लर हे होते. ज्या तपासणीची माहिती आपण घेत आहोत, ती याच डॉप्लर यांच्या नावाने ओळखली जाते.

गाडीच्या भोंग्याचे गुपित

डॉप्लर यांचा जन्म १८०३ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे पाथरवटाच्या कुटुंबात झाला. १८४२ साली त्यांनी प्राग येथे एक विचार मांडला. तो ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी होता, परंतु ध्वनीलाही तितकाच लागू पडतो. आवाज करणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिचा सूर चढा ऐकू येतो आणि दूर जात असेल तर उतरता ऐकू येतो.

रेल्वेच्या रुळांजवळ ज्यांचे शेत आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. उत्राण ते अंकलेश्वर हा बाँबे-बडोदा रेल्वेचा सर्वांत पहिला टप्पा १८६० साली सुरू झाला. कोसाड त्याच टप्प्यावर आहे. तेथे न थांबणारी जलद गाडी भोंगा वाजवीत येते तेव्हा सूर उंच असतो आणि ती समोरून निघून गेली की तोच सूर एकदम खाली येतो. गाडीच्या ड्रायव्हरने भोंगा बदललेला नसतो. गाडी येताना ध्वनीच्या लहरी दाटीने येतात, जाताना विरळ येतात, एवढेच. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने आगगाडीत वाजंत्रीवाले बसवून याची परीक्षा घेतली आणि डॉप्लर यांचे म्हणणे खरे ठरले.

सूर किती बदलला हे अचूक मोजता आले, तर गाडी किती वेगाने गेली हे न बघताही सांगता येते. गाडीच्या जागी रक्ताची तांबडी पेशी आणि भोंग्याच्या जागी यंत्राने सोडलेला ध्वनी घेतला की तपासणी समजली.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. सोनोग्राफीचे यंत्र असाच न ऐकू येणारा ध्वनी अंगात सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदर बाईचीच तपासणी आठवते, पण तोच ध्वनी यकृत, मूत्रपिंड, हृदय आणि रक्तवाहिन्या यांनाही उपयोगी पडतो. जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात डॉप्लरचा नियम वापरून रक्ताची हालचाल टिपण्यास आरंभ केला. मात्र मेंदूभोवती कवटीचे हाड असते आणि हाड ध्वनी अडविते. १९८२ साली रून आस्लिड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, कानशिलापाशी कवटी पातळ असते आणि सेकंदाला सुमारे २० लाख कंपनांचा ध्वनी तेथून आत जाऊन मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो.

शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. रक्त सेकंदाला दोन मीटर वेगाने यंत्राच्या दिशेने येत असेल तर परत आलेल्या ध्वनीत सुमारे पाच हजार कंपनांचा फरक पडतो. हा फरक मात्र आपल्या कानाला ऐकू येण्याजोगा असतो. म्हणून तपासणी चालू असताना यंत्रातून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वाऱ्याच्या झोतासारखा आवाज येतो. आपल्या मुलाचे रक्तच वाहताना आपण ऐकत असतो.

वेग का वाढतो?

कालव्याचे पाणी रबरी नळीने वाफ्यात सोडताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला तर पाणी जोराने उडते. वाट अरुंद झाली की तेवढेच पाणी नेण्यासाठी वेग वाढतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मुख्य वाहिन्यांचेही तसेच आहे. त्यांची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, लहान मुलांत त्याहूनही कमी असते. सिकलसेलच्या ताठ पेशी वर्षानुवर्षे घासून, चिकटून या वाहिन्यांच्या आतील अस्तर खराब करतात. अस्तर जाड होते, वाट अरुंद होत जाते आणि रक्ताचा वेग वाढतो. मुलाला मात्र काहीच जाणवत नाही. ते शाळेत जाते, झाडावर चढते, भावंडांशी भांडते. वाट फारच अरुंद झाली आणि तेथे गुठळी अडकली म्हणजे मगच हातपाय लुळे पडतात. अंगात रक्त कमी असल्यामुळेही हृदय अधिक रक्त ढकलते आणि वेगात भर पडते. म्हणून वाढलेला वेग ही दोन्ही बाजूंनी धोक्याची सूचना असते.

वेगाचे आकडे ध्यानात राहावेत म्हणून चालणाऱ्या माणसाशी तुलना करू. निरोगी मुलाच्या मेंदूतील मुख्य वाहिनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास असतो. रमतगमत चालणारा माणूस साधारण याच वेगाने जातो. सिकलसेलच्या मुलात अंगात रक्त कमी असल्यामुळे हा वेग बहुधा १३० ते १४० असतो. तो झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग होय. २०० म्हणजे ताशी सात किलोमीटरहून थोडे अधिक. त्या वेगाने जाण्यासाठी माणसाला पळावे लागते.

डॉक्टर साधारणपणे असा अर्थ लावतात :

१७० पेक्षा कमी : ठीक. वर्षाने पुन्हा तपासावे.

१७० ते १९९ : सावध राहावे. काही महिन्यांतच पुन्हा तपासावे. डॉक्टर औषधाचा विचार करतात.

२०० किंवा अधिक : धोका मोठा. लवकरच दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात आणि उपचार सुरू करतात.

पडद्यावर वाहिनीचे रंगीत चित्र दाखविणाऱ्या यंत्रावर हेच आकडे थोडे कमी भरतात. म्हणून कोणत्या प्रकारच्या यंत्रावर तपासणी झाली, हे अहवालात लिहिलेले असावे. शेजारच्या मुलाच्या आकड्याशी आपल्या मुलाचा आकडा ताडून घरीच निर्णय घेऊ नये.

या आकड्यांना आधार कोणता?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डॉ. रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांची अशी तपासणी करून १९९२ साली दाखवून दिले की, ज्यांचा वेग जास्त होता त्यांनाच पुढे पक्षाघात होण्याची भीती अधिक होती. मग वेग २०० वा त्याहून अधिक असलेल्या १३० मुलांचे दोन गट केले. एका गटाला ठरावीक काळाने रक्त देत राहिले, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार दिले. रक्त न दिलेल्या गटात ११ मुलांच्या मेंदूला इजा झाली, रक्त दिलेल्या गटात एकाच्या. फरक इतका स्पष्ट होता की हा प्रयोग ठरल्या वेळेआधीच थांबवून सर्व मुलांना रक्त देण्याची मुभा देण्यात आली. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे असा प्रश्न आला की, वेग खाली आल्यावर रक्त देणे थांबवावे का? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१ मुलांचे रक्त थांबवून पाहिले. त्यांतील १४ मुलांचा वेग पुन्हा धोक्याच्या रेषेवर गेला आणि दोघांना पक्षाघात झाला. म्हणून बरे वाटू लागले की उपचार सोडून द्यावयाचे, ही आपली सवय येथे घातक आहे.

२०१६ साली आणखी एक आशेची गोष्ट पुढे आली. वर्षभर रक्त घेतलेल्या आणि ज्यांच्या वाहिन्या फार खराब झालेल्या नाहीत, अशा मुलांना हळूहळू हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणले, तरी वेग रक्त दिल्याइतकाच ताब्यात राहतो, असे दिसून आले. हे औषध तोंडाने घ्यावयाचे असते आणि आपल्याकडे मिळते. ते अंगातील बाल-हिमोग्लोबिन वाढविते. बाल-हिमोग्लोबिन म्हणजे आईच्या उदरात असताना बाळाच्या रक्तात असते ते. ते अधिक असेल तर पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. आपल्याकडील अनेक रुग्णांत ते मुळातच जास्त असते, त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो. परंतु सर्वांचा राहत नाही, आणि कोणाचा राहील हे तोंडाकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठीच मोजमाप करावयाचे.

तपासणी कशी होते?

ही तपासणी दोन ते सोळा वर्षे वयाच्या, सिकलसेलचा पूर्ण आजार असलेल्या मुलांसाठी आहे. आपल्याकडील कार्डावर अशांपुढे बहुधा एसएस असे लिहिलेले असते. सिकल आणि थॅलेसेमिया असे दोन दोष एकत्र आलेल्या काही मुलांनाही ती लागते. वाहक मुलांना, म्हणजे ज्यांच्या कार्डावर एएस लिहिलेले असते त्यांना, तिची गरज नाही.

मूल पाठीवर निजते. डॉक्टर कानशिलावर थंड, पाण्यासारखे मलम लावतात आणि पेनाएवढे वा थोडे मोठे यंत्र त्यावर टेकवितात. मग दुसऱ्या बाजूला तसेच करतात. अर्धा ते पाऊण तास लागतो. वेदना होत नाहीत. क्ष-किरण वापरलेले नसतात, त्यामुळे दरवर्षी केली तरी अपाय नाही. उपाशीपोटी जाण्याचे कारण नाही. मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मूल जागे असावे. झोपेत मेंदूतील रक्ताचा वेग बदलतो आणि आकडा चुकतो.

२. ताप असताना, अंगदुखीचा जोराचा झटका आलेला असताना किंवा नुकतेच रक्त दिलेले असताना ही तपासणी करू नये. मूल चांगले असतानाच न्यावे.

३. मूल रडत असेल तर आधी त्याला शांत करावे. आई-वडिलांनी जवळ बसावे.

४. मागील अहवाल, सिकलसेल कार्ड आणि औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतावर हजर व्हावयाचे आहे म्हणून आजारी मुलालाच घाईने नेण्यापेक्षा, मूल बरे असताना एक दिवस राखून ठेवणे हिताचे.

ही सोय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नसते. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातील सिकलसेल विभागात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या इस्पितळात विचारावे. सुरत शहरात न्यू सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर ही अशी दोन मोठी इस्पितळे आहेत. विचारताना “सिकलसेलच्या मुलाच्या मेंदूची डॉप्लर तपासणी” असे स्पष्ट सांगावे. नुसते सोनोग्राफी म्हटल्यास पोटाची करून परत पाठवतील.

या तपासणीला काय दिसत नाही?

प्रत्येक साधनाला मर्यादा असते. कानशिलावरचे यंत्र मेंदूच्या मुख्य वाहिन्यांतील वेग सांगते. त्यांच्यापुढे फुटलेल्या केसासारख्या फाट्यांत काय चालले आहे, ते त्याला कळत नाही. काही मुलांच्या मेंदूला अगदी लहान इजा होते. हात-पाय चालतात, पण मुलाचे अभ्यासातील लक्ष उडते, पाठ केलेले विसरते. ही इजा एमआरआयमध्ये दिसते. म्हणून आकडा चांगला आला तरी, हुशार मूल अचानक मागे पडू लागले तर त्याला आळशी म्हणून मारू नये; डॉक्टरांना सांगावे. काही मुलांचे कानशिलाचे हाड जाड असते आणि ध्वनी आत जात नाही. त्यांनाही दुसरी तपासणी लागते.

अधिक बारीक वाहिन्या पाहण्याचे शोध चालू आहेत. सेकंदाला हजारो चित्रे टिपणारी यंत्रे तयार झाली आहेत. रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून त्यांच्या वाटेचा माग काढण्याची रीतही निघाली आहे. तिने केसाहून बारीक वाहिन्यांचा नकाशा काढता येतो. परंतु त्या गोष्टी आज मुख्यतः संशोधकांच्या प्रयोगशाळेत आहेत. आपल्या मुलांसाठी आज हाती असलेली आणि कसोटीला उतरलेली तपासणी कानशिलावरचीच आहे.

ऊसतोडीला निघण्यापूर्वी

पडावावरचे जीवन या आजाराला फार वाईट असते. पहाटेची थंडी, उघड्यावरची झोप, दिवसभराचे ऊन, पिण्याच्या पाण्याची वानवा, या सर्वांनी पेशी विळ्यासारख्या होण्यास मदत होते. म्हणून सिकलसेलचे मूल घरात असेल तर शक्यतो त्याला आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात ठेवून शाळा चालू ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान एवढे करावे :

निघण्यापूर्वी, पावसाळा सरताच, वर्षाची डॉप्लर तपासणी उरकून घ्यावी. अहवाल आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवावे. फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया पुरेल एवढे घ्यावे व ते संपण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावेच लागते. ती तारीख चुकवू नये. मुलाला घोट घोट पाणी दिवसभर पाजावे, रात्री अंगावर उबदार पांघरूण घालावे. मोळ्या उचलण्यासारखी दमछाक करणारी कामे त्याला लावू नयेत. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण या मुलांना जंतूंचा संसर्ग फार लवकर बळावतो.

एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक भयंकर डोकेदुखी, झटके येणे, शुद्ध हरपणे, यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी ताबडतोब १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी आणि “मूल सिकलसेलचे आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगावे. मालिश करीत बसू नये, तोंडात पाणी वा औषध ओतू नये. ते श्वासनळीत जाण्याची भीती असते. थोड्या वेळाने हात पुन्हा हलू लागला तरी इस्पितळात न्यावेच. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

लग्न जुळविण्यापूर्वी

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करून त्यांना कार्ड देण्याचा तिचा संकल्प आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश झाला आहे, त्यामुळे रुग्णाच्या कुटुंबाने प्रमाणपत्राची चौकशी करावी.

आपल्या तरुण-तरुणींनी हे कार्ड सोयरीक ठरण्यापूर्वीच काढून घ्यावे. देवळात लग्नाच्या घोषणा होऊ लागल्यावर रक्त तपासायला जाणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणे पारखणे होय. दोघेही वाहक निघाले तर काय करावे, हे त्या दोघांनी डॉक्टरांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी बोलून शांतपणे ठरवावे. वाहक असणे हा डाग नाही आणि त्यावरून एखाद्या मुलीला नावे ठेवणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. रुग्ण मूल जन्माला आले तर त्याचा दोष एकट्या आईच्या माथी मारणे तर मेंडेलच्या हिशेबातही बसत नाही. अर्धा वाटा बापाचा असतो.

शुभवर्तमानात पक्षाघाताने निजलेल्या एका माणसाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्याला चार जणांनी खाटेवरून उचलून आणले, दारात गर्दी पाहिली आणि छप्पर उघडून प्रभूपुढे उतरविले. आपल्या धर्मग्रामात सिकलसेलची मुले कोणत्या घरी आहेत हे सिस्टरांना आणि प्रत्येक पाड्यावरच्या एक-दोन जाणत्या माणसांना बहुधा ठाऊक असते. पावसाळा संपता संपता अशा मुलांची यादी करून, एका दिवशी एक जीप ठरवून, सर्वांना मिळून जिल्ह्याच्या इस्पितळात नेता येईल. एकट्या आईला शहरातील खिडक्या आणि रांगा कठीण वाटतात. चार जण बरोबर असले म्हणजे वाट सापडते. मूल लुळे पडल्यावर त्याला खाटेवरून उचलून नेण्यापेक्षा, ते आपल्या पायांनी चालत असतानाच तपासणीला नेले तर त्याचे पाय शाबूत राहण्याची आशा पुष्कळ आहे.